पेटी आणि पट्टी

लहानपणी आमच्या रत्नागिरीतून हापूसच्या पेट्या मुंबईला जायच्या आणि मागाहून अडत्याची पट्टी यायची. भाडं, हमाली, दलाली वजा जाता उरेल ते आपलं. २०१० साली एका ब्लॉग नेटवर्कात शिरलो तेव्हा तीच पट्टी आठवली. शेकडो छोट्या ब्लॉगांचे वाचक एकत्र करून जाहिरातदाराला विकायचे, आपला वाटा कापून घ्यायचा!

मराठीला गिऱ्हाईक नव्हतं. गूगल अ‍ॅडसेन्सनेसुद्धा हिंदीला दार उघडलं ते २०१४च्या डिसेंबरात. म्हणून मी इंग्रजीतून मोबाइल फोनवर लिहू लागलो. आठ महिन्यांनी पहिले शंभर डॉलर हातात पडले. आई म्हणाली, "पैसे आले ते बरंच झालं रे, पण तुझं लिहिलेलं आता मला वाचता येत नाही."

त्या रात्री परत मराठीत लिहिलं. पट्टी शून्याची आली. असो. पेटी घरी तरी पोचली.