सरावाचा क्लायंट

समुपदेशन शिकवताना थिअरी कधी अडत नाही. रॉजर्सची समानुभूती, एलिसचे अविवेकी समज, सगळं विद्यार्थी परीक्षेत झकास लिहितात. अडतं ते समोर माणूस येऊन बसल्यावर. तो रडू लागला की हेच विद्यार्थी पाच मिनिटांत सल्ला देऊन मोकळे होतात. म्हणून पुण्यातल्या आमच्या पदविका वर्गात पहिल्यापासून त्रिकुटाचा सराव असतो. एक समुपदेशक होतो, एक क्लायंट, तिसरा नुसता बघतो. या सरावाच्या मर्यादाही मला पाठ आहेत. क्लायंट झालेली मैत्रीण समुपदेशक झालेल्या मैत्रिणीला सांभाळून घेते. फारच अडलं तर दोघी हसतात. कधी मात्र भूमिका करता करता कुणाचं स्वतःचंच दुखणं बाहेर पडतं आणि मग वर्षभर सगळा वर्ग तिच्याकडे त्याच नजरेने बघतो.

माझ्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं, “मॅडम, क्लायंटची भूमिका एआयला देऊ या.” मी लगेच हो म्हटलं नाही. वाचायला घेतलं. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेने 2021 मध्ये असा प्रयोग केलेला सापडला. ही संस्था एलजीबीटीक्यू मुलांसाठी आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन चालवते. ‘रायली’ नावाचं एक काल्पनिक किशोरवयीन पात्र त्यांनी संगणकावर उभं केलं आणि नवे स्वयंसेवक आधी रायलीशी चॅट करून हात बसवू लागले. हेल्पलाइनवर आलेल्या खऱ्या मुलांशी मात्र माणसंच बोलत राहिली. ही सीमा मला पटली आणि तिच्या आत राहून करून बघायचं ठरलं.

आम्ही ‘सुनंदाबाई’ तयार केल्या. वय बेचाळीस, नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलगा बारावीला, झोप उडालेली. सुरुवातीला या बाई अगदी पाठ्यपुस्तकासारख्या बोलत. “मला गेल्या काही काळापासून तीव्र नैराश्य जाणवत आहे,” असं म्हणत माझ्या खोलीत आजवर कुणी आलेलं नाही. आमच्याकडे येणारी बाई म्हणते, “तसं काही नाही हो, ॲसिडिटी आहे. डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आले.” दुखणं आधी डोक्यात, छातीत, पोटात असतं; मनापर्यंत यायला दोन-तीन सत्रं जातात. तशा सूचना आम्ही बसून मराठीत लिहिल्या.

हे काम चालू असताना एकाने सुचवलं की जुन्या केस फायली देऊ, नाव-गाव बदलू, म्हणजे पात्र जिवंत होईल. मी नाही म्हटलं. क्लायंटच्या शब्दांवरून शिकवण्याची परंपरा जुनी आहे. कार्ल रॉजर्स 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात सत्रं ध्वनिमुद्रित करून त्यावरून शिकवत. 1942 च्या त्यांच्या पुस्तकात एका क्लायंटची सगळी सत्रं शब्दशः छापलेली आहेत. पण आमच्या क्लायंटने सही केली ती मी ऐकेन आणि माझे वरिष्ठ मार्गदर्शक ऐकतील, एवढ्यावर. तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर तिचं आयुष्य जाईल, यावर तिने सही केलेली नाही. सुनंदाबाई पूर्ण कल्पनेतूनच घडवायच्या, हा आमचा पहिला नियम असा ठरला.

प्रयोगाचा फायदा झाला, हे आधी सांगते. एका विद्यार्थिनीला आत्महत्येबद्दल विचारताच येत नव्हतं. “कधी कधी कंटाळा येतो का, म्हणजे अगदीच...” इथवर येऊन ती थांबे. आपण विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक नवख्याला असते आणि ती निराधार आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सुनंदाबाईंसमोर तिने हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. “स्वतःला संपवण्याचे विचार मनात येतात का?” हे वाक्य ती आता आवाज न बदलता विचारते. वर्गमैत्रिणीला तेवढ्या वेळा तिथे बसवणं मला प्रशस्त वाटलं नसतं.

हळूहळू त्रुटीही दिसू लागल्या. सुनंदाबाई फार लवकर बऱ्या होत. विद्यार्थ्याने घाईने सल्ला दिला तरी “तुमच्याशी बोलून खूप हलकं वाटलं” असं उत्तर येई. खरी बाई अशा सल्ल्यावर मान डोलावते, आभार मानते आणि पुढच्या वेळी येत नाही. ती का आली नाही, या प्रश्नाने समुपदेशक शिकतो. आम्ही सूचना कडक केल्या, बाई थोड्या हट्टी झाल्या, पण मुळातला गोडवा काही गेला नाही. शांततेचं तर विचारायलाच नको. समोरचा गप्प बसला की अंगावर येणारं ते अर्धं मिनिट पेलणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. पडद्यावर ते येतच नाही. विद्यार्थी निवांत चहा पिऊन येतो आणि पुढचं वाक्य टाइप करतो.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती. घरात अत्याचार सहन करणारी पंधरा वर्षांची मुलगी, असं पात्र आम्ही केलं होतं. एका विद्यार्थ्याने तिला वचन दिलं, “हे तू मला सांगितलंस ना, मी कुणालाही सांगणार नाही.” ती ‘मुलगी’ निर्धास्त झाली आणि संवाद छान पुढे गेला. यंत्राला त्यात काहीच खटकलं नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. समुपदेशकाने असं वचन देणं म्हणजे त्या मुलीला फसवणं. हा संवाद मी ओळीओळीने वाचला म्हणून सापडला. तेव्हापासून असा प्रत्येक संवाद शिक्षकाने वाचायचा, ही अट घातली.

मग एका विद्यार्थिनीचा रात्री उशिरा फोन आला. घरी एकटी सराव करत होती, विषय मारहाणीचा होता आणि तिचं स्वतःचं लहानपण उसळून वर आलं. तिने ते सगळं सुनंदाबाईंनाच सांगून टाकलं होतं. मला नवल वाटलं नाही. 1966 मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याचं ‘डॉक्टर’ हे रूप रॉजर्सच्या पद्धतीची नक्कल करत समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत देई. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी थोडं बोलल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. माणूस यंत्रापुढेही मन मोकळं करतो. वर्गात रोल-प्ले झाल्यावर आम्ही भूमिका उतरवतो, पाणी पितो, काय वाटलं ते बोलतो. घरी रात्री ते कोण करणार? जड विषयांचा सराव आता फक्त वर्गात, शिक्षक हजर असतानाच होतो.

सगळ्यात कठीण प्रसंग प्रॅक्टिकमच्या वेळी आला. एका विद्यार्थ्याचा अहवाल अचानक फार सफाईदार झाला. विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की खऱ्या क्लायंटशी झालेल्या संवादाची शब्दशः नोंद त्याने एका फुकटच्या ॲपमध्ये टाकली होती. “नाव काढलं होतं मॅडम.” मी त्याला म्हटलं, “हा कागद तिच्या जावेच्या हातात दिला तर ती ओळखेल का?” तो गप्प झाला. नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या, तालुक्याचं गाव, सासऱ्याचं आजारपण. एवढं असलं की नावाची गरज कुणाला?

त्या दिवशी मी वर्गाला फिनलंडच्या वास्तामो या मानसोपचार कंपनीची हकिकत सांगितली. तिथल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 मध्ये चोराने थेट रुग्णांनाच पैशासाठी धमक्यांचे ईमेल पाठवले. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही 2023 मध्ये आला. पण कायदा बाजूला ठेवला तरी ही गोष्ट आपली नाही, तिची आहे, एवढं कळणं पुरेसं होतं. त्या क्लायंटला घडलेलं सांगून माफी मागायची हे आम्ही ठरवलं आणि तसं केलं. ती पुढच्या सत्राला आली, पण नोंदवही बंद ठेवायला सांगून.

वर्षाअखेरीला व्यवस्थापनाकडून सूचना आली की समानुभूतीचे गुणही सॉफ्टवेअरनेच द्यावेत, वेळ वाचेल. आम्ही एक चाचणी घेऊन बघितली होती. विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत हेरलं की “तुम्हाला किती त्रास होतोय हे मला समजतंय” हे वाक्य पेरलं की गुण वाढतात. सगळा वर्ग तेच वाक्य म्हणू लागला. मी लेखी नकार दिला. कुणाला समुपदेशक म्हणून माणसांपुढे बसवायचं, या निर्णयाखाली सही माणसाची हवी, कारण उद्या चुकलं तर जाब त्यालाच विचारता येईल.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, पण काठावर कुणीतरी उभं असतं आणि एक दिवस डबा सोडावा लागतो. एआयला माझ्या वर्गात तेवढीच जागा आहे. विद्यार्थ्यांचे अडखळलेले संवाद कुठे साठतात हे त्यांना आधी सांगायचं, नको म्हणणाऱ्याला माणसाबरोबरच्या सरावाची सोय द्यायची आणि त्याचे गुण कापायचे नाहीत, हेही आता नियमात आहे.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. साध्या समुपदेशकासाठी तशी घट्ट व्यवस्था आपल्याकडे अजून बसलेली नाही. त्यामुळे थोडी जबाबदारी तुमच्यावरही येते. समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा: माझं बोलणं कुठे लिहून ठेवता, कोण वाचतं, कुठल्या ॲपमध्ये टाकता का? चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही. जो दुखावेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.