टॉकीज कुणाचं?



गेल्या वर्षी लेकीकडे शिकागोजवळ राहून आले. एका रविवारी बार्टलेटच्या जैन मंदिरात दर्शन झालं आणि जावई म्हणाले, "आई, तासाभरावर डीकॅल्ब म्हणून गाव आहे. तिथलं जुनं थिएटर तुम्हाला दाखवतो." टॉकीज म्हटलं की माझे कान टवकारतात. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, आमच्या गावातल्या टॉकीजमध्ये भागी होती. बी.कॉम. झाल्यावर लग्न होईपर्यंत तिथल्या तिकीटविक्रीचा आणि करमणूक कराचा हिशेब मीच लिहीत असे.

डीकॅल्ब हे मक्याच्या शेतांमधलं गाव. काटेरी तारेचं पेटंट १८७४ साली घेणारे जोसेफ ग्लिडन इथलेच. बाजारपेठेत साध्या दुकानांच्या शेजारी एकदम दोन भलेमोठे फॅरो बसलेले दिसले. हेच ते इजिप्शियन थिएटर. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि अमेरिकेला त्या देशाचं वेडच लागलं. त्या लाटेत अशी कितीतरी थिएटरं निघाली, आज त्यांतली मोजकीच उरली आहेत. हे एल्मर बेहर्न्स यांनी आखलं. आत गेलं की एखाद्या जुन्या राजवाड्याच्या चौकात आल्यासारखं वाटतं, आणि वर निळं छत, त्यात लुकलुकणारे तारे.

थिएटर उघडलं डिसेंबर १९२९ मध्ये. माझ्यातली कॉमर्सवाली लगेच जागी झाली. शेअर बाजार कोसळला ऑक्टोबर १९२९ मध्ये! म्हणजे ज्यांनी पैसा घातला त्यांच्या पोटात काय गोळा आला असेल! तरी ते चाललं. मंदीत आणि युद्धाच्या काळात लोक घटकाभर दुःख विसरायला तिथे येत राहिले. मग घरोघरी टीव्ही आले. सत्तरच्या दशकात इमारतीची पार रया गेली आणि दार बंद झालं.

आपल्याकडे इथेच गोष्ट संपते. तिथे संपली नाही. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन थिएटर वाचवण्यासाठी संस्था काढली. १९७८ साली त्याचं नाव राष्ट्रीय वारसा यादीत आलं. सरकारी अनुदान मिळालं, दुरुस्ती झाली आणि १९८३ साली ते पुन्हा उघडलं. तिथे थंड हवेची सोय नसल्यामुळे पुढेही कित्येक वर्षं ऐन उन्हाळ्यात कार्यक्रम बंद ठेवावे लागत. ती सोय अगदी अलीकडे झाली. पण तोवर कुणी कंटाळून सोडून दिलं नाही.

आम्हाला आतून फिरवून दाखवणारी बाई माझ्याच वयाची होती. पगार नाही, हौसेने येते. मी लेकीकरवी विचारलं, "याचा मालक कोण?" ती हसली आणि म्हणाली, "तसा कुणा एकाचा मालकीहक्क नाही. ही ना नफा तत्त्वावरची संस्था आहे. आम्ही सगळे सांभाळतो." आणि बोलता बोलता खुर्चीखाली पडलेला कागद वाकून उचलला.

परतताना गाडीत मी गप्प होते. लेकीच्या लक्षात आलं. "आई, अण्णा आजोबांचं टॉकीज आठवलं ना?"

आठवलं तर होतंच. पण त्याहून जास्त आठवला माझ्या कपाटातला कागद. अण्णा गेल्यावर टॉकीजची जागा दोन्ही भावांच्या वाटणीत अडकली. दाराला कुलूप लागून वीस वर्षं झाली. पत्रे उडाले, बाल्कनीत पिंपळ उगवला. मागच्या बाजूने पोरं आत शिरून खुर्च्यांचं लोखंड घेऊन गेली. चार वर्षांपूर्वी हक्कसोडपत्र माझ्याकडे सहीला आलं. सोबत फोन नाही, विचारपूस नाही, नुसता कागद. मी तो साड्यांखाली ठेवून दिला. मला पैसा नको होता. पण ज्या टॉकीजचा पै-पैचा हिशेब मी लिहिला, त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारू नये, हे मनाला लागलं होतं.

दसलक्षण पर्वात नवव्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्य धर्म ऐकतो. 'माझं काही नाही' असं मान डोलावून म्हणतो. अण्णा त्या दहा दिवसांत खेळ बंद ठेवायचे. भागीदार कुरकुर करायचे, पण अण्णा ऐकायचे नाहीत. मी मात्र दरवर्षी ते प्रवचन ऐकून घरी यायचे आणि कागद होता तिथेच ठेवायचे. भावांनी जागा धरून ठेवली, मी राग धरून ठेवला. मध्ये ती इमारत ढासळत राहिली.

घरी आल्यावर मीच दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, सही करते. पण आधी मला घरी बोलाव. आणि समोरची थोडी जागा अण्णांच्या नावाने गावाच्या वाचनालयाला देता येते का, ते तुम्ही दोघं बघा." तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आक्का, दसलक्षणात ये. बसून बोलू." वाचनालयाला हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी बॅग भरायला घेतली आहे.

जाता जाता एक सांगते. असा कागद तुमच्याकडे आला तर न वाचता सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे आणि तो कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे. हक्क सोडायचा तर समजून, मनापासून सोडा. ठेवायचा तर तसं तोंडावर सांगा. माझ्यासारखा साड्यांखाली मात्र ठेवू नका.