विहीणबाईंना 'तू' कसं म्हणायचं?

जिरोनातल्या एका पावाच्या दुकानाचं दार मी चांगलं दोनदा ढकललं. दारावर पाटी होती, 'तांकात'. मी दीड वर्ष स्पॅनिश शिकून गेलेली बाई! 'बंद' म्हणजे 'सेर्रादो' हे मला झोपेतसुद्धा आठवलं असतं. हे 'तांकात' मात्र कधी वाचलं नव्हतं. मागून मुलगा हसत म्हणाला, "आई, ते कतालान आहे. दुकान बंद आहे."

स्पेनच्या ईशान्येला कातालुनिया प्रांत आहे, तिथे स्पॅनिशच्या जोडीने कतालान ही वेगळी भाषा चालते. गावाचं नावही दोन प्रकारचं. कतालानमध्ये जिरोना, स्पॅनिशमध्ये खेरोना. बेळगाव-बेळगावीच्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? पण शिकताना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बार्सिलोनाहून वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत जिरोना येतं. गावातून ओन्यार नदी वाहते. काठाला खेटून उभी पिवळी, केशरी, विटकरी घरं, आणि त्यांच्यामध्ये एक लाल लोखंडी पूल. पॅरिसचा मनोरा १८८९ मध्ये उभा राहिला, त्याच्या आधी १८७७ मध्ये आयफेलच्याच कंपनीने हा पूल बांधला. वर कॅथेड्रल. नव्वद पायऱ्या चढून गेलं की आत जवळजवळ तेवीस मीटर रुंदीचं एकच दालन, मध्ये खांब नाही. गॉथिक बांधणीत एवढं रुंद दालन जगात दुसरं नाही म्हणतात. पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी मोजल्या.

पण मी गेले होते ते पूल बघायला नव्हे. माझी सून तिथली. लग्नाला तिची आई बेळगावला आली, तेव्हा चार दिवस आम्ही दोघी विहिणी शेजारी शेजारी बसून नुसत्या हसत होतो. प्रत्येक वाक्याला मुलगा मध्ये. नातू झाला तेव्हा मी ठरवलं, आता हे पुरे. मुलाने फी भरून क्लास लावून देतो म्हटलं, पण तीस वर्षं मराठी मुलांना कन्नड शिकवलेली बाई मी. म्हटलं, फुकटात काय मिळतं ते आधी बघू.

बरंच मिळालं. शब्दांसाठी मोबाईलवर ड्युओलिंगो. 'लँग्वेज ट्रान्सफर' नावाचे नव्वद पाठ, नुसत्या आवाजाचे. मिहालिस एलेफ्थेरिऊ नावाचा शिक्षक समोरच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारतो, आपण पाठ थांबवून त्याच्या आधी उत्तर द्यायचं. कणीक मळता मळता मी ते करत असे. काही लिहून घेऊ नका, असं तो बजावतो. मास्तरणीला ते कसं जमणार? मी वही घातलीच, तीन रकान्यांची. स्पॅनिश, मराठी, कन्नड. नंतर 'ड्रीमिंग स्पॅनिश'चे व्हिडिओ, त्यात चित्रं काढत काढत सावकाश बोलतात.

वहीचा फायदा झाला. इंग्रजीतून शिकणारे 'मे गुस्ता'पाशी अडखळतात. आपल्याला काय अडचण? मे गुस्ता म्हणजे मला आवडतं, ननगे इष्ट. संत्री अनेक असली तर 'मे गुस्तान', मला आवडतात. अगदी आपल्यासारखं! 'हाब्लो' म्हटलं की 'मी' म्हणायची गरज नाही, क्रियापदच सांगतं. त, द आपलेच. पगार, बटाटा हे पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेले शब्द. स्पॅनिशमध्ये पैसे देणं म्हणजे 'पागार' आणि बटाटा म्हणजे 'पाताता'. जड गेला तो त्यांचा थरथरता 'र्र', आणि भूतकाळ.

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना पहिलं खरं संभाषण झालं. घरातली मंडळी आपसात कतालान बोलत. माझ्याकडे मान वळली की स्पॅनिश, परत वळली की कतालान. शेजारच्या कन्नड वहिनी आल्या की आमच्या घरी हेच होतं.

ओट्यावर सामानाची यादी होती, ती मात्र स्पॅनिशमध्ये. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांचा जन्म १९५२ चा. फ्रँकोच्या काळात, १९७५ पर्यंत, शाळेत कतालानला जागा नव्हती. घरी जी भाषा बोलत वाढल्या, ती लिहायला कुणी शिकवलीच नाही. मुलगी शाळेत गेली तोवर दिवस पालटले होते, ती कतालानमध्ये शिकली. आता नातवाला चिठ्ठी लिहायची तर आजी शुद्धलेखन लेकीकडून तपासून घेते. मला आमचे मामा आठवले. पोथी मराठी, हिशेबाची वही कन्नड. मी हे सांगू पाहिलं, पण 'पोथी'ला शब्द सापडेना. 'देवाचं पुस्तक' म्हटलं. त्यांना कळलं.

एक गोष्ट मात्र बिनसत होती. मी त्यांना 'उस्तेद' म्हणत होते, म्हणजे आपलं 'तुम्ही'. तिसऱ्या दिवशी सुरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी काय तुझी साहेबीण आहे? 'तू' म्हण." स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच! विहिणीला एकेरी? माझी सासू असती तर तिने मला घरात घेतलं नसतं. नव्वद पाठांत हे कुठेच नव्हतं. मी वाक्यच अशी बनवू लागले की 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टळावेत. "मीठ हवंय?" न म्हणता नुसतं "मीठ?" त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या गप्प गप्प झाल्या. आदर दाखवायला गेले आणि माणूस दूर गेलं.

निघायच्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या. नातू माझ्या कडेवर. बेळगावला या, असं म्हणायचं होतं. तोंडात 'वेंगा' तयार होतं, म्हणजे 'या'. गाडी लागली. मी म्हटलं, "वेन." ये.

त्यांनी नातवाला माझ्याकडून घेतलं आणि विचारलं, "बेळगावात जानेवारीत थंडी किती असते?"