वर्ध्याचे ‘महाराष्ट्र-धर्म’
 वर्ध्यातून 1923 साली विनोबा भावे यांनी ‘महाराष्ट्र-धर्म’ हे मराठी मासिक सुरू केले. त्याच्या दोन वर्षे आधी ते साबरमतीहून इथल्या आश्रमात आले होते. उपनिषदांवरील निबंध हा मासिकाचा गाभा. नव्या नियतकालिकाने वाचक मिळवण्यासाठी निवडावा असा हा विषय नव्हे. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात विनोबांना तुरुंगवास झाला. पुढे मासिकाचे साप्ताहिक झाले आणि ते सुमारे तीन वर्षे चालले. तुकोबांच्या अभंगांवरील त्यांचे लेख त्यातूनच लोकप्रिय झाले. अंक दर आठवड्याला निघणार म्हटल्यावर लेख आटोपशीर हवा. विनोबांच्या मोजक्या शब्दांच्या गद्याला ही मर्यादा मानवलेली दिसते.