पॉलिशचा हात

आपल्या घरातील काही वस्तूंची नावे मोठी गमतीची असतात. टीपॉय हे त्यांपैकीच एक. पाहुणे आले की ज्याच्यावर चहाचे कप ठेवतात, ते बुटके टेबल म्हणजे टीपॉय. नावात ‘टी’ आहे, म्हणून हा शब्द चहावरून आला असावा, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे त्याचे मूळ आपल्याकडचेच आहे. ‘तिपाई’ म्हणजे तीन पायांचे लहान मेज. इंग्रजांनी हा शब्द उचलला. त्यांच्या तोंडी त्याचा ‘टीपॉय’ झाला आणि त्यात चहाही मिसळला. मग इंग्रजी पोशाख घालून तोच शब्द आपल्या घरी परत आला. आज बहुतेक टीपॉयना चार पाय असतात, तरी नाव मात्र तीन पायांचेच!

असाच एक रूप बदललेला टीपॉय माझ्या घरी आहे. त्याची ही हकिकत.

मुंब्र्याला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. शेजारची एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येत असे. ती तेव्हा नववीत होती. तिच्या घरी माणसे सात आणि खोली एकच. माझ्याकडे तिला शांतता मिळे. पण लिहायला टेबल नव्हते. ती पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिही. तासाभरात तिची मान अवघडून जाई. भूमितीची आकृती काढताना एखादी रेषा हमखास वाकडी येई. “बाजी, मी रेषा सरळच काढते. डबा हलतो,” असे ती हसत म्हणे.

ती हसे; पण मला हसू येत नसे. पुढच्या वर्षी तिची दहावी होती. नवे टेबल घ्यावे, तर त्याच्याबरोबर खुर्चीही आली. दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायची कुठे? जमिनीवर बसून लिहिता येईल, असे बुटके मेज हवे होते. माझ्या मनात आले, एखादा जुना टीपॉय मिळाला तर?

मी अब्बांना विचारले. माझे अब्बा लाकडाला पॉलिश करण्याचे काम करीत. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी मुंबईतील घरांची दारे, पलंग आणि कपाटे चमकवली. त्यांची नखे नेहमी तपकिरी दिसत. संध्याकाळी ते घरात आले की स्पिरिटचा वास त्यांच्या आधी आत येई. माझी बी. एड.ची फी त्याच कमाईतून भरली गेली. पुढे दिवस बदलले. लाकडावर सनमायका चिकटवण्याची पद्धत आली. मग यंत्राने फवारण्याचे रंग आले. हाताने पॉलिश करणाऱ्याची गरज कमी झाली. त्यातच अब्बांचे हात थरथरू लागले. एके दिवशी त्यांनी आपली हत्यारांची पेटी बांधली आणि माळ्यावर ठेवून दिली. त्यानंतर ते त्या कामाविषयी बोलत नसत. मी काही विचारले, तर म्हणत, “तू शिकलेली आहेस, बेटा. तुला हे कशाला हवे?” हे वाक्य ते प्रेमाने बोलत, पण मला ते बोचत असे. आपल्याजवळ जे आहे ते ज्ञान नव्हे, असेच जणू ते सांगत होते.

टीपॉयची गोष्ट ऐकून मात्र ते लगेच उठले. “विकत घ्यायचा असेल, तर मी बरोबर येतो. तुला फसवतील,” ते म्हणाले.

मुंबईत भेंडी बाजाराजवळ मटन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजाराला चोरबाजार म्हणतात. पूर्वी त्याचे नाव ‘शोर बाजार’ होते, असे लोक सांगतात. जुनी घड्याळे, ग्रामोफोन, कंदील, आरसे यांनी तेथील दुकाने भरलेली असतात. एका दुकानाच्या कोपऱ्यात काळ्या ऑइलपेंटने माखलेला एक टीपॉय पडला होता. त्याच्या कडा झिजल्या होत्या आणि रंगाचे पोपडे निघाले होते. मी त्याच्याकडे पाहिलेही नसते. अब्बांनी तो उचलायला सांगितला आणि सरळ उलटा केला.

“वस्तू उलटी करून पाहावी,” ते म्हणाले. “वरचा भाग गिऱ्हाइकासाठी असतो. खालचा भाग खरे बोलतो.”

खालच्या बाजूला रंग लागलेला नव्हता. तेथे सोनेरी तपकिरी सागवान दिसत होते. पाय खिळ्यांनी ठोकलेले नव्हते. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेले होते. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. दुकानदाराने ९०० रुपये सांगितले आणि ६५० रुपयांना टीपॉय आमचा झाला. सँडहर्स्ट रोड स्थानकावर आम्ही तो लोकलच्या मालडब्यात चढवला आणि घरी आणला.

दिवाळीची सुटी सुरू होती. पाऊस संपला होता. पॉलिशला अशीच कोरडी हवा लागते. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर काम सुरू झाले. हात माझे होते. डोळे आणि सूचना अब्बांच्या होत्या. ते खुर्चीवर बसून सांगत आणि मी करीत जाई.

पहिले काम रंग काढण्याचे. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ अंगात गेली, तर अपाय होतो आणि लहान मुलांच्या मेंदूला तर त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. आमच्या टीपॉयवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा होता. म्हणून मी नाकावर कापड बांधले. रंग पाण्याने ओला करून खरवडला, म्हणजे धूळ उडाली नाही. निघालेले पोपडे वर्तमानपत्रात गोळा करून पिशवीत बांधले. तोपर्यंत इमारतीतील मुलांना गच्चीवर बंदी होती.

काळ्या रंगाखाली हिरवा रंग निघाला. हिरव्याखाली पिवळा निघाला. त्या टीपॉयने किती घरे पाहिली असतील, कोण जाणे! तिसऱ्या दिवशी लाकूड उघडे झाले.

मग सुताराकडून त्याचे पाय कापून घेतले. अठरा इंचांचे पाय बारा इंच झाले. मांडी घालून बसणाऱ्याला ही उंची बरोबर होते. टीपॉयच्या खाली वर्तमानपत्रे ठेवण्याची एक फळी होती. ती तशीच राहिली असती, तर गुडघ्यांना लागली असती. म्हणून ती काढली आणि तिचे तुकडे जोडून डाव्या टोकाला पुस्तकांचा कप्पा केला. चहाच्या टीपॉयचे आता लिहिण्याचे मेज झाले होते.

वरच्या फळीला एक खोलगट पोचा आला होता. अब्बांनी त्याच्यावर ओले फडके ठेवायला आणि त्यावरून गरम इस्त्री फिरवायला सांगितले. वाफ लाकडात शिरली, दबलेले तंतू फुगले आणि पोचा जवळजवळ नाहीसा झाला. मला तो चमत्कारच वाटला. “चमत्कार कसला?” अब्बा म्हणाले. “लाकूड मोडले नव्हते, दबले होते.” उरलेल्या भेगा आणि छिद्रे लांबीने भरली.

नंतर काचकागदाने घासणे. काचकागदाचा नंबर जितका लहान, तितका तो खरखरीत. आधी ८०, मग १२०, मग २२० आणि शेवटी ३२० नंबरचा कागद वापरायचा. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले, तर ओरखडे उठतात आणि पॉलिश केल्यावर ते अधिकच दिसतात. कंटाळून मी विचारले, “८० नंतर एकदम ३२० घेतला तर?”

“पहिलीतल्या मुलाला तू एकदम दहावीत बसवतेस का?” अब्बांनी विचारले. बी. एड.च्या वर्गात ‘सोप्याकडून कठिणाकडे’ हे सूत्र मी पाठ केले होते. तेच मला गच्चीवर काचकागदाने पुन्हा शिकवले.

मला फळी गुळगुळीत दिसे. अब्बा डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवीत आणि एका ठिकाणी थांबून म्हणत, “इथे राहिले आहे.” मी तेथे बोट लावून पाही. खरोखरच तेथे राहिलेले असे. त्यांचा हात थरथरत होता. पण त्या हाताला दिसत होते ते माझ्या डोळ्यांना दिसत नव्हते.

माळ्यावरची पेटी खाली आली. तिच्यात चपड्याची पुडी होती. चपडा म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ, पिवळसर पापुद्रे. लाख कोठून येते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. ते झाडाचा रस शोषतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ बाहेर टाकतात. तीच लाख. झारखंड आणि छत्तीसगड या राज्यांत तिचे उत्पादन मोठे आहे. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालापासून लाखेवर संशोधन चालू आहे. लाखेच्या बांगड्या तुम्ही पाहिल्या असतील. चोरबाजारात दिसणाऱ्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेपासूनच बनत.

एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा, हे अब्बांचे माप. रात्रभर भिजवून सकाळी ते कापडाने गाळून घेतले. स्पिरिट चटकन पेट घेते. म्हणून आसपास शेगडी, काडेपेटी काही नको, हे त्यांनी दोनदा बजावले. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा केला. बोळ्यावर तेलाचा एक थेंब लावला आणि गोल गोल हात फिरवायला सुरुवात केली. मध्येच थांबलो, तर बोळा चिकटतो. म्हणून हात चालताच ठेवायचा.

मराठीत रंगाच्या किंवा पॉलिशच्या एका थराला ‘हात’ म्हणतात. ‘दोन हात दिले’, ‘तीन हात दिले’, असे कारागीर बोलतात. आम्ही त्या मेजाला आठ हात दिले. प्रत्येक हाताबरोबर लाकडाच्या रेषा अधिक स्पष्ट होत गेल्या. अब्बा म्हणाले, “या पॉलिशची एक खुबी आहे. नवा हात दिला की जुना हात थोडा विरघळतो आणि दोघे एक होतात. मग पहिला कोणता आणि आठवा कोणता, हे कुणाला सांगता येत नाही.”

त्या वेळी मला ‘कसब’ हा शब्द आठवला. मराठीत कसब म्हणजे कौशल्य, कारागिरी. उर्दूत कसब म्हणजे कमाई, रोजी. शब्द एकच. एका भाषेने त्यातील कौशल्य पाहिले, दुसरीने त्यातून मिळणारी भाकरी पाहिली. अब्बांच्या हातात हे दोन्ही अर्थ होते.

मेज तयार झाले. सगळा खर्च दीड हजार रुपयांच्या आत बसला. लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला, तर पांढरे वर्तुळ उमटते. म्हणून पूर्वीच्या टीपॉयवर आता चहालाच मनाई झाली! शेजारची मुलगी वही घेऊन आली. मेजावर हात फिरवून तिने विचारले, “अब्बाजान, हे कसे करतात?” ते नेहमीप्रमाणे “तुला कशाला हवे?” असे म्हणतील, असे मला वाटले. पण ते सांगू लागले. तिने वहीचे कोरे पान उघडले आणि ती उर्दूत लिहू लागली: चपडा किती, स्पिरिट किती, कोणता कागद आधी, कोणता नंतर. त्या मेजावर लिहिला गेलेला पहिला धडा तो होता. अब्बा फारसे शिकलेले नाहीत. पान भरल्यावर त्यांनी ते हातात घेतले आणि बराच वेळ पाहत राहिले. “हेसुद्धा लिहून ठेवण्यासारखे असते?” त्यांनी हळूच विचारले.

“असते, अब्बा,” मी म्हणाले.

मुलांनो, तुमच्याही घरी कुणी शिवणकाम करीत असेल, कुणी माग चालवीत असेल, कुणी गाड्या दुरुस्त करीत असेल. त्यांच्या हातांना जे कळते, ते पुस्तकांत सापडेलच असे नाही. त्यांच्याजवळ बसा. विचारा. जमले तर लिहूनही ठेवा.

लाखेच्या पॉलिशला अधूनमधून नवा हात द्यावा लागतो. आम्ही दर दिवाळीच्या सुटीत तो देतो. शेजारची मुलगी आता बारावीत आहे. तिच्या भूमितीतल्या रेषा केव्हाच सरळ झाल्या. यंदाचा हात तिने दिला. अब्बांनी डोळे मिटून मेजावरून तळहात फिरवला आणि तो कोठेही थांबला नाही.