भरलेली की रिकामी?

वजनकाट्यावर माझ्यापुढे वाळूचा डंपर आणि मागे विटांचा ट्रक, मधे माझी पांढरी प्राडो. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकावून विचारलं, "ताई, भरलेली आहे की रिकामी?" मला उत्तर देता येईना. गेल्या दोन महिन्यांत माझं जे जे चुकलं, त्याचं मूळ याच प्रश्नात होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

दादा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना ही गाडी माझ्या नावावर करून गेला. दहा वर्षं ती पुण्याच्या डांबरी रस्त्यांवरच फिरली होती. मला मात्र कच्च्या वाटांची ओढ. पहिल्याच फेरीत मुळशीकडच्या एका चरात गाडीचं पोट दाणकन आपटलं. "सस्पेन्शन मऊ पडलंय, कडक करून घ्या," असं चार जणांनी सांगितलं. एका दुकानात गेले आणि होत्या त्यांतल्या सगळ्यांत जाड तारेच्या स्प्रिंगा पुढे बसवून घेतल्या. गाडी पुढून दोन इंच उचलली गेली. दिसायला रुबाबदार दिसू लागली.

पुन्हा त्याच चरापाशी गेले. या वेळी गाडी आपटली नाही, उडाली. पुढचं डावं चाक हवेत गरगर फिरलं आणि गाडी उताराकडे आडवी सरकली. मागे आई बसली होती. तिने पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. इतका खर्च करून मजबूत केलेली गाडी आधीपेक्षा बेभरवशाची कशी झाली, हे मला उमगेना.

मग भोसरीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. ते गाडीखाली वाकलेच नाहीत. टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "आधी काट्यावर जाऊन या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एकदा रिकामी, एकदा सहलीचं सगळं सामान आणि माणसं भरून."

रिकामी गाडी २३४० किलो भरली: पुढे १२६०, मागे १०८०. तंबू, पाण्याचे कॅन, हत्यारं, फ्रिज आणि मागच्या सीटवर दोन माणसं अशी भरली, तेव्हा २६२० झाली. पुढे फक्त २० किलो वाढले होते. मागे २६०.

"ओझं सगळं मागे, आणि जाड स्प्रिंग तुम्ही पुढे घातली," मिस्त्री म्हणाले. त्या स्प्रिंगा पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवलेल्या गाड्यांसाठी होत्या. आपल्याकडे अशा लोखंडी बंपरला, म्हणजे क्रॅश गार्डला, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे, माझ्या गाडीला तो नव्हताच. वजनच नाही, तर स्प्रिंग दबणार कशी? शिवाय शॉकअप जुनेच होते. चाक वर किती जाईल आणि खाली किती उतरेल, याला शॉकअपच्या लांबीची हद्द असते. गाडी दोन इंच वर उचलली की चाकाची खाली उतरायची मुभा तेवढीच कमी होते. खड्डा आला, चाक पोहोचलंच नाही आणि हवेत लटकलं.

उंची वाढवायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही त्यांना ठाऊक होती: कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालत नाहीत. पण ते यंत्राच्या अंगानेही समजावत राहिले. पुढून उचललं की ॲक्सलचे कोन तिरपे होतात, रबरी बूट लवकर फाटतात. मागचा ॲक्सल एका आडव्या दांड्याने चासीला बांधलेला असतो, मागून उचललं की तो एका बाजूला सरकतो.

जुना शॉकअप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "दाबा." पहिली दोन बोटं दांडा काही अडथळा न होता आत गेला, मग अचानक अडला. आतलं तेल गळून गेलं होतं. बाहेर धूळ चिकटून काळा थर झाला होता. नवा दिला, तो उभा धरून चार वेळा दाबून ओढायला लावला, आतली हवा निघावी म्हणून. तो सावकाश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने जात होता. वजन पेलते ती स्प्रिंग, तिचं उसळणं आवरतो तो शॉकअप, हे मला त्या दिवशी तळहाताला कळलं.

पुढे कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा परत आल्या, मागे त्याच उंचीच्या पण जरा जास्त भार घेणाऱ्या. चारही शॉकअप नवे. लोअर आर्मचे चिरलेले बुश आणि झिजलेले रबरी स्टॉपरही बदलले. स्प्रिंग शिकंज्यात दाबताना मिस्त्रींनी मला हाताने मागे सारलं, ती सुटली तर जीव घेते. बुशचे बोल्ट मात्र त्यांनी गाडी जॅकवर असताना पक्के आवळलेच नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, पुढून-मागून दाबून हलवली आणि मग खाली शिरून आवळले. चाक लटकत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीत जखडतं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर त्यांनी पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, नट फिरला तर कळावं म्हणून. मग अलाइनमेंट.

आईला घेऊन पुन्हा त्या चरापाशी गेले. टायरमधली हवा थोडी कमी केली आणि पहिल्या गिअरमध्ये हळूच उतरवली. गाडी एका अंगाला झुकली, चाकं एकेक करून खाली गेली, वर आली. पलीकडे पोहोचल्यावर आई म्हणाली, "थांब जरा, उतरून बघू दे." आम्ही दोघी मागे चालत गेलो. ओल्या मातीत टायरच्या नक्षीचे दोन्ही पट्टे या काठापासून त्या काठापर्यंत सलग उमटले होते.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडीखाली टॉर्च घेऊन शिरले. पांढऱ्या रेघा जिथल्या तिथे होत्या, एकही तुटली नव्हती. पुढच्या सहलीला निघताना आधी काट्यावर गेले. त्याच माणसाने तोच प्रश्न विचारला.

"भरलेली आहे दादा," मी म्हणाले. "मागच्या चाकांचं आधी बघा."