मालगुंड : कवीचे घर आणि कासवांचा किनारा

जयगडाहून दक्षिणेकडे निघालेला सागरी रस्ता नांदिवडे, रीळ, वरवडे ही गावे मागे टाकीत मालगुंडला पोहोचतो. अंतर सुमारे वीस किलोमीटरचे. बहुतेक यात्रेकरू या वाटेने गणपतीपुळ्याला जातात आणि लगतचे मालगुंड त्यांना गाडीच्या काचेतूनच दिसते. गेल्या मार्चमध्ये आम्ही उभयतांनी मात्र मालगुंडसाठीच दोन दिवस राखून ठेवले होते.

निघण्यापूर्वी जयगडचा किल्ला पाहिला. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा किल्ला विजापूरकरांच्या काळातला. पुढे तो आंग्र्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. तटबंदी वारंवार ढासळू लागली तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी देऊ केला, त्यावरून गडाला हे नाव पडले, असे तेथे सांगतात. आख्यायिकाच ती, तरीही भिंत उभी राहावी म्हणून माणसाचा जीव घेण्याची कल्पना मनाला बोचत राहिली. आम्ही तेथे फार रेंगाळलो नाही.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, १८६६ मध्ये मालगुंडला जन्मले. त्यांचे जन्मघर कोकणातील बेताच्या स्थितीच्या कुटुंबाचे असावे तसेच आहे : उतरते कौलारू छप्पर, ओटी, माजघर, सारवलेली जमीन. कोकण मराठी साहित्य परिषदेने येथे स्मारक उभारले असून केशवसुतांच्या कविता दगडी फलकांवर कोरल्या आहेत. शिक्षकाच्या नोकरीत खानदेशापासून धारवाडपर्यंत फिरलेला हा कवी १९०५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, हुबळीला प्लेगने गेला. हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तकही निघाले नाही. आयुष्यभर बँकेत तारणाचे मूल्यांकन केल्यामुळे वास्तू पाहिली की माझ्या मनात आकडे उभे राहतात. या ओटीवर ते उभे राहिले नाहीत.

घर जपणे त्यामानाने सोपे. कौले उतरवून पुन्हा चढविता येतात, भिंत नव्याने लिंपता येते. मालगुंडचा किनारा जपणे अधिक अवघड आहे, कारण तेथे जपायचे ते डोळ्यांना दिसतच नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराहून अधिक अंडी घालते, वाळू ओढून अंग आपटून ती घट्ट बसविते आणि परत जाते. पिल्लांची तिची भेट पुन्हा होत नाही. पूर्वी ही अंडी माणसे खात. कुत्री आणि कोल्हे आजही उकरतात. म्हणून कासवमित्र पहाटे मादीच्या पावलांचा माग काढतात, अंड्यांची दिशा न बदलता ती अलगद उचलून कुंपणातील तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात.

निसर्गक्रमात हा हस्तक्षेप नव्हे काय, असा प्रश्न सौभाग्यवतीने तेथील प्रौढ कासवमित्राला विचारला. तो म्हणाला, "काकू, लहानपणी आम्हीच ही अंडी घरी न्यायचो. आता राखतो. कुत्री नसती, आम्ही नसतो, तर कुंपण लागलंच नसतं." एवढे सरळ उत्तर मला तरी सुचले नसते.

भगवान मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव आहे, हे आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असते. चरणचौकीवरील ते कासव आपण रोज पाहतो; जिवंत कासवासाठी मात्र आपल्या समाजाच्या दानाचा ओघ क्वचितच वळतो. पांजरपोळांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. पण जीवदया म्हणजे जीव सोडवून आणणे आणि त्याला चारा घालणे, एवढीच व्याख्या आपल्या अंगवळणी पडली आहे. कासवाला चारा नको. त्याला मोकळी वाळू हवी आणि काळोख हवा. किनाऱ्यावर धूप थांबविण्यासाठी दगडी बांध घातला की मादी वर चढू शकत नाही. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात; पाण्यावरच्या मंद प्रकाशाऐवजी निवासगृहांचे प्रखर दिवे दिसले की ती उलट्या वाटेने जाऊन मरतात. याच्या पावत्या फाडता येत नाहीत की देणगीदाराचे नाव लावायला भिंत नसते, ही यातली खरी अडचण असावी.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा आमचा नेम असल्याने साडेपाचलाच ताटे वाढून घेतली आणि वाळूवर गेलो. टोपली उचलली तेव्हा सतरा पिल्ले होती, तळहातापेक्षाही लहान. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. काही अंतर स्वतःच चालू देतात. दोघा पर्यटकांनी मोबाइलचा झोत टाकताच कासवमित्राने तो बंद करायला लावला, आणि त्यांनीही निमूटपणे ऐकले.

यातले हजारात एखादेच मोठे होते, असे म्हणतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली होती; गुहागर तालुका जयगड खाडीच्या पलीकडच्या तीरावरच लागतो. शेवटचे पिल्लू लाटेत गेल्यावर कासवमित्राने रिकाम्या खड्ड्यावर टोपली पालथी घातली, शेजारच्या खड्ड्याची पाटी वाचून दिवस मोजले आणि आम्हाला सांगितले, "गुरुवारी या."